मऊ सोलच्या बुटांत टॅप: 'आ-णि-एक' मधला 'णि' हरवतो तेव्हा

टॅप हा पायांनी ठोके वाजवत करायचा नाच, आणि शफल ही त्यातली एक चाल. धातूच्या प्लेटा लावलेल्या बुटांत शफल स्वच्छ वाजतो. पुढे जाताना एक ठोका, मागे येताना दुसरा, दोन्ही सुटे. पाय तोच, लय तीच, फक्त मऊ सोलचे बूट घातले की पहिला ठोका कसाबसा ऐकू येतो आणि दुसरा नाहीसा होतो. त्याच्या जागी नुसतं घासल्यासारखं काहीतरी येतं, नाहीतर शांतता. चार दिवस झटून आपण तो परत आणतो. पंधरा दिवसांनी बघावं तर पुन्हा गायब.

माझ्या बाबतीत हे इतक्या वेळा झालं की सरावाच्या वहीत या एका दोषासाठी मी शेवटची पानं राखून ठेवली. दरवेळी काय केलं, कशाने फरक पडला आणि तो किती दिवस टिकला, हे तिथे लिहीत गेले. खाली जे सांगते आहे ते बहुतेक त्या पानांवरचंच आहे.

शफल मोजताना आपण 'आणि एक, आणि दोन' म्हणतो. तोच 'आणि' फोडून म्हणा: आ-णि-एक, आ-णि-दोन. 'आ' वर पुढचा ब्रश (म्हणजे चवडा जमिनीला स्पर्शून पुढे नेणं), 'णि' वर मागे येणारा ब्रश, ज्याला स्पँक म्हणतात, आणि आकड्यावर पाऊल. हरवतो तो नेहमी 'णि'. पुढे मी त्याला 'णि' च म्हणणार आहे, कारण दोष नेमका कुठे आहे ते त्या एका अक्षरात सापडतं.

आवाज जातो कुठे

धातू जमिनीला भिडतो तो क्षण अगदी छोटा असतो. मऊ वस्तू भिडते तेव्हा ती दबते, आणि दबायला वेळ लागतो. टेकण्याचा हा काळ जितका लांबतो तितका आवाजातला वरचा, टोकदार भाग कमी होतो आणि खालचा 'धप्' तेवढा उरतो. एकाच फळीवर एकदा लोखंडी हातोडी आणि एकदा रबरी हातोडा मारून पाहा, फरक लगेच कळेल. म्हणजे मऊ बुटांत ऐकू येतो तो आवाज बुटाचा कमी आणि जमिनीचा जास्त असतो. जमिनीला बोलतं करायचं तर तिच्यावर काहीतरी पडावं लागतं, नुसतं घासून भागत नाही.

आता शफलकडे बघा. पुढचा ब्रश करताना पाय मागून, थोड्या उंचीवरून खाली येतो आणि जमिनीला स्पर्शून पुढे जातो. त्याला उतार मिळतो. परतीला मात्र आपण बहुतेक जण पाय समोरून नुसता ओढून घेतो. तो पडत नाही, सरपटतो. धातूच्या बुटात ही चूक कळतच नाही, कारण प्लेटची कड जमिनीला नुसती चाटून गेली तरी 'टिक्' असा आवाज येतो. मऊ सोलला कड नाही. त्यामुळे मऊ बुटाने 'णि' खाल्ला असं आपल्याला वाटतं, पण तो आधीपासून अर्धाच होता. उरलेला अर्धा धातू भरून काढत होता.

हे नीट समजेपर्यंत मी दरवेळी जोर लावत होते. जोर लावला की 'णि' येतो, यात शंका नाही. पण तो घोटा आवळून आलेला असतो, आणि आवळलेला घोटा दमला की 'णि' पुन्हा जातो. दोष वारंवार परतण्याचं मुख्य कारण हेच.

आधी कारण कुठे आहे ते तपासा

बूट बदलण्याआधी, पाय सुधारण्याआधी एक खुर्ची घ्या. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा, दोन्ही तळवे जमिनीवर, गुडघे काटकोनात. आता एका पायाने सावकाश शफल करा. सेकंदाला एक मात्रा, म्हणजे मिनिटाला ६०. एका मात्रेचे तीन सारखे भाग होतात: एक, आ, णि. प्रत्येक भागाला सेकंदाचा एक तृतीयांश. ही लय इतकी आरामशीर आहे की लपायला जागा राहत नाही.

बसून 'णि' ऐकू आला आणि उभं राहिल्यावर गेला, तर दोष हलत्या पायात नाही. तो उभ्या पायात आहे. वजन त्या पायावर पूर्ण गेलेलं नसतं, म्हणून हलणारा पाय नकळत आधार शोधत जमिनीला चिकटून राहतो. बसूनही 'णि' आला नाही, तर तेच शफल अनवाणी, सुती मोजा घालून करा. मोज्यात आला तर सोल दोषी. मोज्यातही आला नाही तर परतीचा ब्रशच कच्चा आहे. आणि मोज्यात, बुटात, बसून, उभं राहून कुठेच काही ऐकू येत नसेल, पण लाकडी फळीवर येत असेल, तर जमीन दोषी.

कानावर पूर्ण विसंबू नका. आपल्या पायाचा ठोका आपण अर्धा पायानेच ऐकतो, कारण त्वचेला स्पर्श कळतो आणि मेंदू त्याला आवाज समजतो. फोनवर ध्वनिमुद्रण करा. फोन जमिनीजवळ ठेवा, पण खाली घडी घातलेला टॉवेल असू द्या, नाहीतर जमिनीची थरथर थेट त्यात शिरते. नंतर अर्ध्या वेगाने ऐका. फोन स्वतःहून लहान आवाज मोठे आणि मोठे आवाज लहान करतो, तेव्हा ठोका किती जोरात वाजला याचा निकाल त्यावरून लावू नका. फक्त तीन ठोके आहेत का आणि त्यांच्यामधलं अंतर सारखं आहे का, एवढंच तपासा.

सोल

रबरी सोलचे खेळाचे बूट घालून टॅपचा सराव करणारे खूप आहेत, कारण ते बूट हाताशी असतात. माझा याला विरोध आहे. रबर जमिनीला आधी धरतं, मग अचानक सोडतं, पुन्हा धरतं. फरशीवर बूट घासला की 'कीच्' आवाज येतो तो याच धरसोडीचा. ब्रश करताना पाय असा मध्येच अडकला की पुढच्या वेळी घोटा आपोआप सावध होतो, आवळतो. ही सवय इतकी चिवट असते की बूट बदलल्यावरही आठवडाभर जात नाही. 'णि' जाण्याचं हे दुसरं कारण, आणि ओळखायला सगळ्यात अवघड, कारण तोपर्यंत पायात चांगले बूट आलेले असतात.

रबरी सोलवर गिरकी तर घेऊच नका. पाय जागेवर धरलेला राहतो, अंग वळतं, आणि मधला सगळा पीळ गुडघा सोसतो.

दुसरे बूट मिळेपर्यंत रबरी बुटावरून जुना सुती मोजा चढवा आणि टाचेकडचा भाग कापून टाका. चवडा सरकतो, टाच धरून राहते. तात्पुरता उपाय म्हणून हा मला सगळ्यात आवडतो. जास्त दिवसांसाठी चवड्याच्या आकाराचा मऊ, खरबरीत कातड्याचा तुकडा कापून सोलला चिकटवता येतो. चिकटपट्टी लावू नका. दोन दिवसांत तिची कड उचलते, गोंद बाहेर येतो आणि सोल आधीपेक्षा जास्त चिकट होतो.

जाझ नाचाचे पातळ कातड्याचे बूट या कामाला चांगले. त्यांत दोन प्रकार असतात. एकात सोल अखंड असतो, दुसऱ्यात चवड्याखाली वेगळा तुकडा आणि टाचेखाली वेगळा, मधली कमान मोकळी. तुटक सोल पायाची वळणं छान दाखवतो, पण टॅपसाठी मी अखंड सोलच घेते. तुटक सोलमध्ये पाय कमानीत वाकतो आणि चवडा एक फळी म्हणून पडत नाही, पान उलटावं तसा हळूहळू टेकतो. ठोक्याला सुरुवात राहत नाही.

खरबरीत कातड्याच्या सोलचं एक दुखणं लक्षात ठेवा. धूळ आणि घाम बसून ते गुळगुळीत, चकचकीत होतं. मग कधी घसरतं, कधी चिकटतं, एकाच सरावात दोन्ही. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने, सगळीकडून घासलं की लव पुन्हा उभी राहते. मी आठवड्यातून एकदा घासते. हे बूट घालून बाहेर चालू नका आणि ओल्या फरशीवर तर पाऊलही ठेवू नका.

जमीन

खाली पोकळी असलेली लाकडी जमीन सगळ्यात उत्तम. तिला उसळी असते आणि आवाजही. ती नसेल तर साधारण १२ मिलिमीटर जाडीचा, निदान मीटरभर लांब-रुंद प्लायवूडचा तुकडा घ्या आणि कडांखाली पातळ नमदा लावा, म्हणजे मधे थोडी हवा राहते आणि तो घसरत नाही. पूर्ण चटई अंथरून त्यावर प्लाय टाकला तर आवाज मेलाच. काँक्रीटवर थेट बसवलेली फरशी काही बोलत नाही आणि काही सोसतही नाही. पायाने दिलेला सगळा धक्का ती नडगीकडे परत पाठवते. तिथे नाचायची वेळ आली तर टाचेचे ठोके गाळा. गालिच्यावर फक्त वजन बदलण्याचा सराव होतो, ठोक्यांचा नाही.

घसरावं म्हणून टाल्कम पावडर टाकू नका. नंतर तिथून जाणारा कोणीही पडू शकतो.

वाळूची गोष्ट वेगळी. टॅपमध्ये वाळूवरच्या नाचाची स्वतंत्र परंपरा आहे: पातळ, कोरडी वाळू फळीवर पसरायची आणि मऊ सोलने ती घासत लय उभी करायची. हॉवर्ड सिम्स (१९१७–२००३) हे अमेरिकन नर्तक यासाठीच 'सँडमॅन' म्हणून ओळखले गेले. ते आधी मुष्टियोद्धे होते. बूट घसरू नयेत म्हणून मुष्टियोद्धे ज्या पेटीतल्या राळेवर पाय घासतात, त्या पेटीत पाय घासता घासता त्यांना हा आवाज सापडला. 'णि' साठी वाळू मला फार उपयोगी पडली, कारण तिच्यात परतीचा ब्रश डोळ्यांनी दिसतो. एका ताटाएवढ्या जागेत चिमूटभर वाळू टाका आणि दहा शफल करा. पुढच्या ब्रशची रेघ लांब आणि स्पष्ट असेल. परतीची रेघ नुसती धूसर फराटा असेल तर पाय ओढला गेला. तीही स्पष्ट, पण आखूड आणि तिला ठळक सुरुवात असेल, तर पाय पडला. चांगल्या लाकडी जमिनीवर हे करू नका, ओरखडे उठतात. वेगळी फळी ठेवा.

परतीच्या ब्रशला त्याचा स्वतःचा उतार द्या

आता मुख्य दुरुस्ती. पुढचा ब्रश झाल्यावर पाय समोर जिथे पोचतो तिथे चवडा जमिनीपासून दोन बोटं वर असायला हवा. जास्त नको, कमीही नको. तिथून तो मागे ओढायचा नाही. तो खाली सोडायचा, आणि पडता पडता मागे न्यायचा. आधी पडणं, मग मागे जाणं. क्रम एवढाच बदलतो, पण ठोक्याला सुरुवात मिळते.

हे घोट्याने करू नका. घोटा सैल सोडा आणि पाय मांडीतून हलवा. गुडघ्याखालचा भाग दोरीला लटकवलेल्या वजनासारखा झुलतो आणि झुलताना चवडा जमिनीला दोनदा गाठतो. घोट्याने केलेला शफल हळू लयीत बरा वाटतो, लय वाढली की तो ताठतो, आणि ताठलेला पाय जमिनीवरून नुसता जातो.

बोटांकडेही लक्ष द्या. मऊ बुटात बोटं आकसून आत घेण्याची खोड लागते, जणू जमीन पकडायची आहे. बोटं आकसली की चवड्याची गादी वर उचलली जाते आणि बुटाचं टोक आधी टेकतं. बोटं लांब ठेवा, बुटात आरामात पसरलेली. ठोका अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गादीने द्यायचा आहे.

क्रम असा ठेवा. बसून, तोंडाने 'आ-णि-एक' म्हणत, 'णि' वर आवाज चढवून. पाय जे करत नाही ते तोंडाने आधी करून दाखवायचं. मला याचा इतका फायदा झाला की आजही मी सराव तोंडानेच सुरू करते. मग उभं राहून, खुर्चीच्या पाठीला हात लावून. मग हात सोडून. प्रत्येक टप्प्यावर ६० च्या लयीत सलग सोळा शफल, सोळाच्या सोळा 'णि' ऐकू येईपर्यंत. पंधराव्यावर गेला तर पुन्हा एकपासून. कडक वाटेल, पण मऊ बुटात सैल हिशेब चालत नाही.

फ्लॅपमध्ये, म्हणजे पुढचा ब्रश आणि लगेच पाऊल या चालीत, गोंधळ वेगळा असतो. तिथे परतीचा ब्रश नाहीच. ब्रश आणि पाऊल मिळून एकच 'धप्' होतो, कारण वजन ब्रशच्या आधीच पुढे गेलेलं असतं. उभ्या पायावर क्षणभर जास्त थांबा, दोन ठोके सुटे होतील. पॅराडिडलमधला (टाच, स्पँक, पाऊल, टाच अशी चार ठोक्यांची चाल) स्पँक हा तर सरळसरळ 'णि' च आहे, वरचीच दुरुस्ती लागू. पुलबॅक मऊ सोलमध्ये करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उडी मारून दोन्ही चवडे मागे ओढायला धातूची कड लागते. ती नसली की माणूस जोर लावतो आणि पोटरी दुखावून बसतो.

उंची आणि वजन यांतला फरक

याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. टॅप बुटाचा सोल जाड असतो आणि त्याखाली प्लेटची जाडी. मऊ बुटात ही जाडी बरीच कमी होते. आपला पाय मात्र जुन्या उंचीवर झुलण्यात तरबेज झालेला असतो. पहिले दोन दिवस ब्रश हवेतच जाऊ शकतो. उपाय एवढाच: उभ्या पायाचा गुडघा किंचित जास्त वाकवा. हलत्या पायाने जमीन शोधायला जाऊ नका, अंगच थोडं खाली आणा.

टाचेत हा फरक मोठा होतो. सपाट टॅप बुटाची टाच साधारण अडीच सेंटिमीटर असते, जाझ बुटाची त्याहून बरीच कमी. चवड्यावर उभं राहून टाच पाडताना तिला आता जास्त अंतर जावं लागतं, म्हणजे ती उशिरा पोचते. क्रॅम्प रोलमध्ये (आधी दोन चवडे, मग दोन टाचा) चार ठोके सारखे न येता 'टक टक, धप धप' असं दोन-दोनचं वाटू लागतं ते यामुळे. टाच कमी उचला, दोन बोटांपुरती. आणखी एक: टाच जास्त खाली जाते म्हणून पोटरी आणि टाचेमागची शीर रोजच्यापेक्षा जास्त ताणली जाते. पहिला आठवडा मऊ बुटांतला सराव वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका.

वजनाचंही तसंच. टॅप बूट जड असतात आणि ते वजन पायाला झुलायला मदत करतं. हलका बूट घातला की पाय घाईने परततो. 'णि' हरवलेला नसतो, तो 'आ' ला चिकटलेला असतो! अर्ध्या वेगाच्या मुद्रणात हे कळतं: 'आणि' सलग, मग पोकळी, मग 'एक'. अशा वेळी उतार वगैरे काही शोधू नका, फक्त थांबायला शिका.

थांबणं

हे मी ज्यांच्याकडून शिकले ते म्हणजे जुने सॉफ्ट शू, म्हणजे मऊ सोलच्या बुटांतला टॅप, करणारे नर्तक. मऊ सोलचा टॅप ही धातूच्या टॅपची गरीब नक्कल नाही. बुटांना धातूच्या प्लेटा सर्रास लागल्या त्याच्या आधीपासून तो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मिन्स्ट्रेल कार्यक्रमांत जॉर्ज प्रिमरोज यांचं नाव या नाचाशी जोडलं गेलं. त्या कार्यक्रमांत गोरे कलाकार तोंडाला काळं फासून उभे राहत, आणि ज्या पावलांवर त्यांना टाळ्या मिळत त्यांचं मूळ कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नाचात होतं. ही गोष्ट सांगितल्याशिवाय सॉफ्ट शूबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

पुढे हॉनी कोल्स (१९११–१९९२) आणि चॉली ॲटकिन्स (१९१३–२००३) या जोडीने सॉफ्ट शू इतक्या संथ लयीत नेला की दोन ठोक्यांमधली जागा हाच नाच झाला. गंमत म्हणजे ते प्लेट लावलेले बूट घालूनही तो तितकाच मऊ नाचत. संथ लयीत घाई लपत नाही. जलद लयीत 'णि' थोडा इकडे-तिकडे झाला तरी कान तो भरून घेतो. विलंबितात तो जागेवर नसला तर सगळ्यांना दिसतो.

यासाठी स्टॉप टाइमचा सराव करा. यात साथीची वाद्यं आवर्तनाच्या सुरुवातीला एकच ठोका देऊन गप्प होतात आणि मधली सगळी जागा नर्तकाची. वाद्यं नसली तरी चालतं. लयमापक मिनिटाला १५ वर लावा, म्हणजे चार सेकंदांनी एक टिक, आणि मधल्या चार मात्रा तुम्ही स्वतः मोजा. चौथ्या मात्रेनंतरचा 'आ-णि' सांभाळून 'एक' बरोबर टिकवर पडला तर लय तुमच्या अंगात आहे. टिकच्या आधी पडला तर 'णि' ला त्याची पूर्ण जागा मिळालेली नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊ नये म्हणून

दुरुस्त झालेला 'णि' परत जातो तेव्हा तो एका विशिष्ट लयीला जातो. ६० ला असतो, ७२ ला असतो, ८४ ला डळमळतो, ९२ ला नसतो. तो आकडा शोधा आणि वहीत लिहा. सराव त्या आकड्याच्या थोडा खाली करा आणि आठवड्यातून एकदाच वर जाऊन पाहा. माझा दोष दर पंधरा दिवसांनी परतायचा त्याचं साधं कारण असं होतं की दुरुस्त झाल्या दिवशीच मी आनंदाने लय १२० वर नेत असे. त्या लयीत तीन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या एक षष्ठांशावर येतं, नवी सवय तिथे टिकत नाही, जुना आवळलेला घोटा मदतीला धावून येतो.

सरावाच्या सुरुवातीची दोन मिनिटं खुर्चीवर द्या, चांगला दिवस असला तरी. सोल घासायची तारीख लिहून ठेवा. 'णि' अचानक, एका दिवसात गेला तर पाय तपासण्याआधी सोल तपासा. पाय एका दिवसात बिघडत नाही, सोल बिघडतो.

नडगीच्या आतल्या कडेला, बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर सराव थांबवा. आठवडाभराच्या विश्रांतीनेही दुखणं गेलं नाही, किंवा दुखणं एका छोट्या बिंदूवर गोळा झालं, तर डॉक्टरांना दाखवा. हाडावरचा ताण अंगावर काढायची गोष्ट नाही.

धातूच्या बुटांत परत जाताना पहिल्या दिवशी दोन गोष्टी होतात. पाय जड वाटतो आणि सगळं थोडं मागे पडतं, कारण हलक्या बुटाची सवय झालेली असते. त्यात बिघडलेलं काही नाही, दोन-तीन सरावांत ते जुळतं. आणि 'णि' फार मोठा वाजतो, 'आ' पेक्षाही मोठा. त्याला आता उतारही आहे आणि धातूही. लगेच लहान करायला जाऊ नका. आधी प्लेटांचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहा, कारण सैल प्लेटची खडखडसुद्धा त्याच क्षणी ऐकू येते. मग चवड्याची उंची दोन बोटांवरून एका बोटावर आणा आणि पुन्हा ६० ला, बसून, तोंडाने म्हणत सोळा शफल मोजा.